पंचवीस ठोके जुळेपर्यंत

३ जानेवारी १९७२, सोमवार
नवीन वही. जुन्या वहीत गेल्या वर्षीचे संकल्प होते, ती बायकोनं, मनकर्णानं, चूल पेटवायला वापरली. बरंच झालं. यंदा संकल्प एकच: गुरुत्वलहरी पकडायच्या.

नगरच्या लायब्ररीत इंग्रजी मासिक वाचलं. आकाशात दोन मेलेले तारे, ज्यांना ब्लॅक होल म्हणतात, एकमेकांभोवती फिरत फिरत एकमेकांत घुसतात. तेव्हा अवकाशच हलतं आणि ते हलणं पृथ्वीपर्यंत येतं. अमेरिकेतल्या एका प्रोफेसरानं अॅल्युमिनियमचा भलाथोरला दंडगोल टांगलाय. तो म्हणतो, दंडगोल थरथरला. बाकीचे म्हणतात, छे. म्हणजे निकाल अजून लागायचाय. पारनेरच्या हायस्कुलातल्या सायन्स टीचरनं तो का लावू नये?

दुसऱ्या लेखात पल्सार नावाचे तारे आहेत, घड्याळासारखे ठोके देतात. त्या ठोक्यांची चाल बिघडली तरी लहर कळेल, असं मला एसटीत सुचलं. अजून कुणाला सुचलं असेल असं वाटत नाही. पण त्याला मोठी दुर्बीण लागेल. ते पुढच्या वर्षी.

९ जानेवारी, रविवार
यंत्र उभं राहिलं. बंद पडलेल्या गुऱ्हाळातून उसाच्या चरकाचा जुना रोलर आणला, तो तारेनं तुळईला टांगला. स्टँडसमोर रेडिओ रिपेअर करणारे गनीभाई आहेत, त्यांच्याकडून ग्रामोफोनच्या सुईमागचा क्रिस्टल घेतला आणि रोलरला चिकटवला. त्याची वायर आमच्या रेडिओत. रोलर केसभर हलला तरी रेडिओत टक् असा आवाज येतो.

गनीभाई म्हणाले, मास्तर, असा टकटक आवाज तर माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक सेटमध्ये असतो, तो घालवायचेच लोक पैसे देतात. चांगला माणूस. पण दुकानाबाहेरचं विश्व त्यांना ठाऊक नाही.

वेळ ठरली: रोज सकाळी सहा ते आठ. मनकर्णाचं म्हणणं, रेडिओवर बायकांचा कार्यक्रम आता लागणार न्हाई का? नाही लागणार.

१६ जानेवारी, रविवार
आठवड्यात एकूण एक्केचाळीस ठोके. पैकी अडतीस मनकर्णाचे. बाई उठते, झाडते, जातं ओढते, हंडा आपटते. तिला टाचा न टेकता चालायला सांगितलं. म्हणाली, आता हवेत चालू का मी? तरी तीन दिवस चालली. चौथ्या दिवशी पाय मुरगळला, आणि लंगडण्याचा ठोका साध्या चालण्याच्या दुप्पट येतो.

२३ जानेवारी, रविवार
तोड निघाली. अमेरिकन प्रोफेसराचे दंडगोल दोन आहेत, दोन वेगळ्या गावांत. एका जागी टक् झालं तर ते मांजर असू शकतं. दोन्हीकडे एकाच मिनिटाला झालं तर ते आकाशातलंच. मलाही दुसरं ठाणं हवं. खर्डा! सासुरवाडी, इथून शंभर मैलांच्या आत-बाहेर. सासऱ्यांकडे मोडक्या बैलगाडीचा लोखंडी आस पडून आहे, ट्रान्झिस्टरही आहे. मेहुणा सहादेव मॅट्रिकला दोनदा बसून रिकामाच आहे.

आणि मनकर्णाही जाईल. एका दगडात दोन पक्षी.

तिला नीट समजावलं. पारनेर आणि खर्ड्याचे पंचवीस ठोके जुळले की न्यायला येतो. किती दिस लागतील, म्हणाली. म्हटलं, महिना, फार तर. म्हणाली, लिहून द्या. कार्डावर लिहून सही करून दिली. तिला संशोधनातलं कळत नाही, पण कागदाचं महत्त्व कळतं हे पाहून समाधान वाटलं.

३० जानेवारी, रविवार
सहादेव मुराळी म्हणून आला होता. क्रिस्टल कसा चिकटवायचा ते तीनदा सांगितलं. त्यानं विचारलं, दाजी, ठोका पडला आन् मला ऐकूच आला न्हाई तर? या घराण्यात शास्त्रीय वृत्ती कमीच. म्हटलं, लक्ष दिलं की ऐकू येतो.

मनकर्णा एसटीच्या खिडकीतून सांगत होती की चटणी आठ दिवसांची हाय, तवर स्वयंपाकाचं बघून घ्या. मी घड्याळ बघत होतो. गाडी बारा मिनिटं लेट सुटली.

घर अगदी शांत आहे. झकास.

पद्धत ठरवली: दर शनिवारी मी माझ्या ठोक्यांच्या वेळा कार्डानं खर्ड्याला कळवायच्या. त्यांनी त्यांच्या वेळा उलट टपाली कळवायच्या. घरचीच माणसं, लपवाछपवी कशाला?

१२ फेब्रुवारी, शनिवार
माझे ठोके नऊ. खर्ड्याचं कार्ड: 'दाजीस सा. न. वि. वि. इकडे ठोका पडला न्हाई. बैलाला बरं न्हाई. सहादेव.'
कडक उत्तर लिहिलं. तुमच्या निष्काळजीपणानं संशोधन अडलं आहे, पंचवीस जुळेपर्यंत मनकर्णाला तिथंच राहावं लागेल, हे घरात सर्वांना वाचून दाखवणे.

चटणी संपली. खानावळीचा डबा लावला.

२६ फेब्रुवारी, शनिवार
चार जुळले!! मिनिटाला मिनिट! कडक लिहिल्याचा परिणाम. सहादेवचं अक्षरही एकदम सुधारलंय. सुबक, गोल, शिरोरेघ सरळ. माणूस संशोधनात पडला की हातालासुद्धा वळण लागतं.

११ मार्च, शनिवार
एकूण सतरा. माझा एखाददुसराच ठोका आता वाया जातो. गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी ६-४७ ला शेजारच्या कडूबाईंची म्हैस भिंतीला घासली होती, तो ठोका चुकून कार्डात गेला. खर्ड्यालाही ६-४७ लाच पडला. याचा अर्थ म्हैस घासली त्याच मिनिटाला लहरही आली. निसर्गाचे योगायोग अजब असतात.

१८ मार्च, शनिवार
पंचवीस पूर्ण. रात्री आनंदानं जेवलो नाही. तसाही डबा आला नव्हता.

१९ मार्च, रविवार
नीट विचार केला. पंचवीसवर कुणी विश्वास ठेवणार नाही. अमेरिकेतल्या माणसावर त्याहून जास्त असूनही ठेवत नाहीत. पन्नास करू. खर्ड्याला कळवलं. मनकर्णाला स्वतंत्र दोन ओळी लिहिल्या, की विज्ञान अर्ध्यावर सोडता येत नाही, तब्येतीची काळजी घे, जिना सावकाश उतर. खर्ड्याच्या घराला जिना नाही हे कार्ड पेटीत टाकल्यावर आठवलं.

१४ एप्रिल, शुक्रवार
सासऱ्यांचं, म्हणजे बन्सीमामांचं, पत्र. अधिक महिना लागलाय, तीन वर्षांनी येतो, जावयानं धोंडे खायला यावंच. पुरणाचं करणार आहेत म्हणे. इकडे माणसं खडी फोडायला चाललीत, विहिरी तळाला गेल्यात, आणि बन्सीमामा माझ्यासाठी पुरण घालणार. जीव कालवला.
पण गेलो तर तीन सकाळी बुडणार. कळवलं की येऊ शकत नाही, धोंड्याचं ताट सहादेवला द्यावं, त्याचं काम चोख आहे.

२० एप्रिल, गुरुवार
रागावलेले दिसतात. उत्तरच नाही. पण शनिवारच्या वेळा आल्या, सगळ्या जुळल्या. म्हणजे संशोधनावर कुणाचा राग नाही.

६ मे, शनिवार
पन्नास. सुट्टी लागली आहे, जायला हरकत नव्हती. पण आता थांबलो तर लोक म्हणतील पन्नासावरच का थांबलास. शंभर केले की तोंडं बंद. कळवलं.

या वेळच्या खर्ड्याच्या कार्डावर वेळांखाली एक ओळ होती: 'शंभरानंतर किती ते आत्ताच कळवा.' सहादेव चौकस होत चाललाय.

२८ मे, रविवार
बरं नाही. दोन दिवस ताप. पाणी द्यायला कुणी नाही, कडूबाई भिंतीवरून विचारतात, मास्तर, बाईला टाकली का हो? मी ओरडलो की टाकली नाही, ती खर्डा ठाण्याला आहे. त्या म्हणाल्या, अगं बाई, पोलिसात?
तापातही सहा ते आठ बसलो. चौदा ठोके; कार्डात तापासकट कळवीन. मलाच थंडी वाजत होती, पण त्यातले काही बाहेरचे असणारच.

१८ जून, रविवार
एकूण जुळलेले ठोके अठ्ठ्याण्णव. वाट बघवेना. वही घेऊन नगरला राधाकृष्ण सरांकडे गेलो. त्यांनी मला कॉलेजात फिजिक्स शिकवलं, आता रिटायर होऊन केडगावला राहतात. जिल्ह्यात मला समजून घेणारा हा एकच माणूस.

सरांनी दोन तास वही वाचली. मग विचारलं की आधी कार्ड कोण पाठवतं. मी म्हटलं, मी. आणि त्यांच्या वेळा नंतर येतात? हो. सरांनी चष्मा काढला. म्हणाले, गहिनीनाथ, या आठवड्यात तू वेळा कळवू नकोस. त्यांना त्यांच्या वेळा आधी कळवू दे. मग बघू.
ठीक आहे. सर शंकेखोर. माझ्यावर विश्वास असता तर मला बी.एस्सी.ला तिसरा वर्ग दिला नसता.

१ जुलै, शनिवार
खर्ड्याचं कार्ड आलं. जसंच्या तसं उतरवतो:
'तुमचं कार्ड आलं नाही. तब्येत बरी आहे ना? ताप परत आला का? कार्डाशिवाय इकडे वेळा कशा लिहायच्या? लवकर पाठवा, दोनच राहिलेत. मनकर्णा.'

अक्षर तेच. सुबक, गोल.

२ जुलै, रविवार
काही लिहवत नाही.

९ जुलै, रविवार
काल खर्ड्याला जाऊन आलो. नगर, जामखेड, खर्डा, तीन गाड्या. सगळ्या वाटेनं काय बोलायचं ते ठरवलं होतं. विज्ञानाशी प्रतारणा, चार महिन्यांचं नुकसान वगैरे.

आस टांगलेला नव्हता. तो सासऱ्यांनी होळीच्या आधीच गाडीला बसवला, टँकर येईना म्हणून पाणी आणायला गाडी लागत होती. ट्रान्झिस्टरचे सेल त्याच्याही आधी संपले होते. सहादेव मला बघून मागच्या दारानं शेताकडे गेला.

मनकर्णाला विचारलं. ती दळण निवडत होती, निवडतच राहिली. म्हणाली, पंचवीस जुळले की न्यायला येतो, असं तुमी सही करून दिलं हुतं. सहादेवला एक जुळवता येईना. मग म्या जुळवले. तुमचं कार्ड आलं की बघून लिहायचे, एखादा मुद्दाम सोडून द्यायचा, न्हाई तर तुमाला खोटं वाटलं असतं. पंचवीस झाले. तुमी पन्नास म्हणालात. पन्नास केले. शंभर म्हणालात. म्या अठ्ठ्याण्णव केले. आजून काय करू?

मी म्हटलं, अगं पण ते खरे नव्हते. ती म्हणाली, तुमचे हुते का?

मी सांगितलं की माझे शंभर टक्के खरे होते. ती उठली. जेवायला वाढलं. भाकरी गरम होती, आठ महिन्यांनी खातोय असं वाटलं, पाचच झाले होते.

निघताना बन्सीमामा वेशीपर्यंत आले. मान खाली घालून म्हणाले, गहिनीनाथराव, पोरगी पंचमीपर्यंत माहेरात ऱ्हायली तर कुनी काय बोलत न्हाई, सगळ्यांच्याच येत्यात. पंचमी झाली की मातर गाव इचारतंय. पंचमीच्या दुसऱ्या दिशी तुमी सोता येऊन घेऊन जावा. न्हाई आलात तर मग आमाला काय समजायचं ते समजू. इतक्या हळू बोलले की मला दोनदा विचारावं लागलं.
येतो म्हटलं. शब्द दिला.

१६ जुलै, रविवार
सगळं संपलं असं वाटलं होतं. आज जरा डोकं चालायला लागलं. बाद झालं ते खर्डा ठाणं. पारनेर ठाणं बाद झालेलं नाही! उलट आता सगळी भिस्त पारनेरवर. सरांना सविस्तर कळवलं.

२६ जुलै, बुधवार
सरांचं उत्तर दोन ओळींचं. 'यंत्र उतरव. बायकोला घेऊन ये.' वय झालंय.

१३ ऑगस्ट, रविवार
उद्या पंचमी. परवा पंधरा ऑगस्ट. शाळेत झेंडावंदन आठला, स्वातंत्र्याची पंचवीस वर्षं म्हणून जरा लांबेल. अकराची नगर गाडी धरायची. संध्याकाळी खर्डा. बॅग भरली. तिच्यासाठी हिरव्या बांगड्या घेतल्या. घर झाडलं, भांडी घासली, चुलीला पोतेरं घातलं. रोलरखाली आता आपण दोघं झोपायचं नाही, रोलर ओसरीत नेऊ, हे तिला आल्याआल्या सांगायचं ठरवलं.
मी खरंच जाणार आहे. हे लिहून ठेवतोय म्हणजे मलाच धीर येईल.

१५ ऑगस्ट, मंगळवार, दुपार
झेंडावंदन लांबलं. सव्वादहाला बॅग घ्यायला घरी आलो. सकाळी सेट चालूच राहिला होता. बॅग उचलली आणि टक्.
घरात मी एकटा. मी उभा. कडूबाईंची म्हैस रानात. बाहेर वारा नाही. आणि टक्!
दुसरा येतो का बघू म्हणून पंधरा मिनिटं बसलो. १०-३१ ला आला. असा स्वच्छ ठोका सात महिन्यांत ऐकला नव्हता.

अकराची गाडी गेली. हरकत नाही, एकची आहे. विश्व थांबत नाही, मनकर्णा थांबेल.

संध्याकाळ
एकचीही गेली. ठोके: १०-१७, १०-३१, ११-०२, १२-४०. असे कधीच आले नव्हते. दोन तारे जवळ येत असतील. अशा वेळी उठून जाणारा माणूस पुढं आयुष्यभर पस्तावतो. उद्या पहाटे निघतो. एका दिवसानं काय होतंय?

१६ ऑगस्ट, बुधवार
शाळेत इन्स्पेक्शन. रजा मिळाली नाही. मागितली नाही, पण मिळाली नसतीच.
खर्ड्याला तार करावी का? तारेत काय लिहायचं? 'ठोके येत आहेत' असा मजकूर पोस्टमास्तर घेईना, अर्थ विचारत होता.

१९ ऑगस्ट, शनिवार
कॅज्युअल मंजूर. उद्या पहाटे. नक्की.

२० ऑगस्ट, रविवार
पाचला उठलो. आंघोळ करून दार उघडलं, तर पायरीवर सहादेव बसलेला. रात्रीच्या गाडीनं नगरपर्यंत आला होता, तिथून दुधाच्या टेम्पोनं.

म्हटलं, अरे मी निघतोच आहे, बॅग बघ. त्यानं बॅग बघितली. म्हणाला, दाजी, आबा म्हनले चार दिस वाट बघितली, पाचव्या दिशी जा. अक्काचं सामान न्ह्यायला आलोय. अक्कानं दुष्काळी कामावर हजेरीचं मस्टर लिहायचं धरलंय, तलावाच्या. तिचं अक्षर बघून सायबानं घेतली.

मी खूप बोललो. काय बोललो ते आठवत नाही. पाया पडतो म्हणालो, मेहुण्याच्या. तो घाबरला. म्हणाला, असं करू नका दाजी, मला कसंतरी हुतंय. मग तोच रडायला लागला.

शेवटी मीच ट्रंक काढून दिली. जातं त्यानं एकट्यानं उचललं. तांब्याचा हंडा, पाट, परात, पोळपाट. बांगड्या मी ट्रंकेत वर ठेवल्या. त्यानं बघून परत काढून खिडकीत ठेवल्या, म्हणाला, ज्येवढं सांगितलं त्येवढंच न्यायचं हाय.

जाताना रोलरजवळ थांबला. मला वाटलं, टांगणी बघतोय. त्यानं वायरीला बोट लावलं. टक्. पुन्हा लावलं. टक्. म्हणाला, दाजी, ही रेडिओत नीट बसली न्हाई, ढिली हाय. ऊन चढलं की बी वाजत आसंल. आन् तुमचा ह्यो खडा तर रोलरला चिकटलेलाच न्हाई, नुसता लोंबतोय. कधीपासनं?

मला माहीत नाही कधीपासून.

त्यानं खिशातल्या चाकूनं वायर घट्ट बसवून दिली, डिंक मागून क्रिस्टल चिकटवला, आणि टेम्पोत बसला. मी मागून पळालो नाही, पळायला हवं होतं.

घर आता पूर्ण रिकामं आहे. प्रयोगाला याहून चांगली परिस्थिती मिळणार नाही. सकाळी नऊ ते अकरा बसलो. काही नाही. अकरा ते एक. काही नाही. चार वाजले. काही नाही.

मनकर्णाची फार आठवण आली. वेळ टिपून ठेवली नाही.